प्रतिसाद: पुण्याहून मुंबई विद्यापीठात एम.ए.ला येताना

पुण्याहून एम.ए.ला येणाऱ्याने कुठे राहावं, यावर वर कोणीतरी 'चर्चगेटजवळ पीजी (पेइंग गेस्ट म्हणून जागा) शोधा' असं सुचवलंय. त्याआधी विभाग कुठे आहे ते पाहा. राजाबाई टॉवर, दीक्षान्त सभागृह, विधी विभाग हे फोर्टला, म्हणजे चर्चगेटजवळ. पण बहुतेक पदव्युत्तर विभाग, जवाहरलाल नेहरू ग्रंथालय आणि परीक्षा भवन सांताक्रूझ पूर्वेला, कलिना संकुलात (विद्यानगरी) आहेत. गुणपत्रिकेच्या कामासाठी फोर्टला गेलात तर हेलपाटा नक्की. कलिनाला सांताक्रूझ किंवा कुर्ल्याहून बस, शेअर रिक्षा मिळते. आवार मोठं आहे, म्हणून विभागाची इमारत आधीच विचारून ठेवा.

दुसऱ्या विद्यापीठातून येताय, तर खरी अडचण कागदांची. जुन्या विद्यापीठाचं मायग्रेशन सर्टिफिकेट (विद्यापीठ बदलताना लागणारं स्थलांतर प्रमाणपत्र) प्रवेशानंतर मागवू म्हणून राहून जातं आणि पात्रतेची (एलिजिबिलिटी) विद्यापीठाकडून होणारी मंजुरी लटकते. मग त्याचा त्रास ऐन परीक्षा अर्जाच्या वेळी. पदवीचा निकाल लागताच या सर्टिफिकेटसाठी अर्ज करा, मूळ प्रत देण्याआधी स्कॅन ठेवा.

एबीसी आयडी (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजे विद्यार्थ्याचे श्रेयांक जमा होणाऱ्या खात्याचा १२ अंकी क्रमांक) डिजिलॉकरवरून निघतो. आधारवरचं नाव गुणपत्रिकेशी जुळत नसेल, वडिलांचं नाव एकीकडे असून दुसरीकडे नसेल, तर आधार आधी दुरुस्त करा. हॉस्टेलच्या जागा कमीच, त्यामुळे अर्जाची तारीख वेगळी लक्षात ठेवा.