फायब्रिल : तंतू, तंतुक की दुसरं काही?

सूक्ष्मदर्शी : अमायलॉइड (चुकीची घडी पडून धाग्यांसारखी साचणारी) प्रथिनं आणि पेशी यांच्यावरचा लेख मराठीत करतो आहे. फायब्रिलला 'तंतू' लिहिलं, पण मग फायबर आणि फिलामेंट दोन्हींना तोच शब्द येतो. अमायलॉइड फायब्रिलला 'पिष्टाभ (स्टार्चसारखा) तंतू' कसं वाटतं? शिवाय पेशींकडून होणाऱ्या अपटेकला (बाहेरचं आत घेण्याला) 'शिरकाव' लिहिलं आहे. चालेल?

तंतुवाय : पिष्टाभ नको. जर्मन वैद्यक-संशोधक फिर्खोने १८५४ मध्ये आयोडीनचा रंग बघून हा पदार्थ पिष्टासारखा ठरवला. पाचच वर्षांत फ्रीडराइख आणि केकुले यांनी तो पिष्ट नसून प्रथिनासारखा असल्याचं दाखवलं. मूळ नावातला गैरसमज मराठीत नव्याने कशाला आणायचा? अमायलॉइड तसंच ठेवा.

फायब्रिलला 'तंतुक' घ्या, फायबरला 'तंतू'. एका तंतुकाची रुंदी साधारण ७ ते १३ नॅनोमीटर, लांबी कित्येकदा मायक्रोमीटरच्या पुढे. त्यात एकमेकांभोवती पिळलेले प्रोटोफिलामेंट असतात. त्यांना 'पदर' हा आपला शब्द आयता आहे. 'दोन पदरी तंतुक' लगेच कळतं. प्रोटोफायब्रिल मात्र वेगळा, तो तंतुक बनण्याआधीचा आखूड, वाकडातिकडा टप्पा. त्याला 'पूर्वतंतुक' म्हणा, दोन्हींना 'आदितंतू' लिहून घोळ करू नका.

नुसतं 'तंतुक' मात्र पुरणार नाही, कारण कोलाजेनचेही तंतुकच असतात. अमायलॉइड म्हणायला क्रॉस-बीटा रचना हवी : बीटा-सरी (प्रथिनसाखळीचे ताणलेले पट्टे) तंतुकाच्या अक्षाला काटकोनात, दोन सरींत ४.७ अँगस्ट्रॉम, दोन थरांत सुमारे १० अँगस्ट्रॉम. थायोफ्लेविन टी (अमायलॉइडला चिकटून चमकणारा रंग) चमकला एवढ्यावर ठरवू नये. चाचणीतलं एखादं संयुग स्वतःच चमकतं किंवा त्या रंगाची चमक दाबतं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेलं बरं.

पेशीजाल : 'शिरकाव' खटकतो. यात तीन वेगळ्या घटना आहेत : तंतुक पेशीपटलाला चिकटणं, पेशीने त्याला पुटिकेत (पटलाच्या छोट्या पिशवीत) ओढून घेणं, आणि पुटिका फुटून तो पेशीद्रवात येणं. दुसरीला 'अंतर्ग्रहण' म्हणावं. शिरकाव म्हटलं की तंतुक स्वतः भोक पाडून घुसला असं वाटतं. टाऊ आणि अल्फा-सायन्यूक्लिन या चेतापेशींतल्या प्रथिनांचे तंतुक आधी पेशीच्या पृष्ठभागावरच्या हेपॅरन सल्फेट प्रोटिओग्लायकनना (साखरेच्या साखळ्या जोडलेल्या प्रथिनांना) चिकटतात, मग पेशी त्यांना आत ओढते. माध्यमात हेपॅरिन (त्या साखळ्यांसारखाच सुटा रेणू) घातलं की हे बरंच थांबतं.

शब्द निवडण्याआधी मूळ लेखात काय मोजलंय ते बघा. रंग जोडलेले तंतुक घालून नुसती चमक मोजली असेल तर बाहेर चिकटलेलेही त्यात धरले जातात. ट्रिपॅन ब्लूने (जिवंत पेशीत न शिरणाऱ्या रंगाने) बाहेरची चमक विझवली आहे का? ४ अंश सेल्सियसची तुलना आहे का? त्या तापमानाला चिकटणं चालू राहतं, अंतर्ग्रहण जवळजवळ थांबतं. दोन्ही नसेल तर 'पेशीशी निगडित तंतुक' एवढंच लिहा. पुटिका फुटल्याचा पुरावा, उदाहरणार्थ गॅलेक्टिन-३ (फुटलेल्या पुटिकेवर जमणारं प्रथिन) चे ठिपके, असेल तरच 'पेशीद्रवात सुटले'.

सूक्ष्मदर्शी : पटलं. आणि तंतुक वाढण्याच्या शब्दांचं काय? सीडिंगला 'बीजन' आणि न्यूक्लिएशनला 'केंद्रकीकरण'?

तंतुवाय : बीजन चांगलं. केंद्रकीकरण पेशींच्या लेखात गोंधळ घालेल, कारण केंद्रक म्हणजे पेशीचं न्यूक्लियस. मी 'बीजोद्भव' लिहितो : एकवारिकांतून (मोनोमर, म्हणजे प्रथिनाच्या सुट्या रेणूंतून) पहिलं बीज आपोआप तयार होणं. बीजन म्हणजे तयार तुकडे बाहेरून घालणं. त्याने तंतुक दिसू लागण्याआधीचा संथ काळ आखडतो.

अल्फा-सायन्यूक्लिनचे तंतुक बनवायची सर्वपरिचित कृती : ५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, ३७ अंश, मिनिटाला १००० फेरे, ७ दिवस. मग ध्वनिलहरींनी तोडून सरासरी ५० नॅनोमीटरच्या आसपास आणायचं. न तोडलेले लांब तंतुक चेतापेशींत फारसं बीजन करत नाहीत : टोकं कमी, अंतर्ग्रहणही कमी. म्हणून भाषांतरात 'तंतुकांचे तुकडे' असं स्पष्ट हवं.

पेशीजाल : आणखी एक. '१ मायक्रोमोलर तंतुक' असं लिहू नका. तंतुक किती आहेत हे कोणी मोजलेलं नसतं, ते प्रमाण एकवारिकाचं असतं. '१ मायक्रोमोलर, एकवारिक-समतुल्य' लिहा.

आणि 'विषारी' जपून. एमटीटी चाचणीत (पेशी एमटीटीचं क्षपण करून फॉर्मॅझन हा रंगीत पदार्थ बनवतात, तो मोजतात) आकडा उतरला म्हणजे पेशी मेल्या असं नाही. अमायलॉइडमुळे फॉर्मॅझन पेशीबाहेर लवकर टाकला जातो आणि सुया दिसतात. एलडीएच गळती (फुटलेल्या पेशीतून बाहेर येणारं विकर) किंवा पेशींची मोजणी सोबत नसेल तर 'एमटीटी क्षपण घटले' इथेच थांबा. प्रथिन ई. कोलाय जिवाणूत बनवलं असेल तर एंडोटॉक्सिन (त्या जिवाणूच्या आवरणातला, दाह घडवणारा पदार्थ) काढल्याचा उल्लेख आहे का तेही पाहा. नाहीतर मायक्रोग्लियाचा (मेंदूतल्या संरक्षक पेशींचा) प्रतिसाद नेमका कशाला, हे सांगता येत नाही.

सूक्ष्मदर्शी : ऑलिगोमर?

तंतुवाय : अल्पवारिक, म्हणजे थोड्याच एकवारिकांचा पुंजका. पण त्यापुढे आकार किंवा बनवायची पद्धत द्या. दोन प्रयोगशाळांचे 'अल्पवारिक' एकच असतील असं धरू नका.