रेग्युलेटर असलेल्या एअर रायफलची शक्ती कमी केल्यावर वेगातील फरक वाढतो, उपाय काय?

प्रश्न

नमस्कार. माझ्याकडे 4.5 मिमी कॅलिबरची, रेग्युलेटर (सिलिंडरमधील हवेचा दाब ठरावीक पातळीवर आणणारा भाग) बसवलेली पीसीपी, म्हणजे आधी भरून ठेवलेल्या दाबलेल्या हवेवर चालणारी, एअर रायफल आहे. रेग्युलेटर 130 बारवर लावलेला असून 0.547 ग्रॅमचा पेलेट (छोटी गोळी) साधारण 264 मीटर प्रति सेकंद वेगाने जातो, म्हणजे शक्ती सुमारे 19 ज्यूल होते. मला 10 ते 20 मीटर अंतरावर कागदी लक्ष्यावर सराव करायचा आहे. त्यासाठी एवढी शक्ती नको. 200 मीटर प्रति सेकंद, म्हणजे 11 ज्यूलच्या आसपास, पुरेशी आहे.

यासाठी मी फक्त हॅमर स्प्रिंगचा (हवेच्या व्हॉल्व्हवर आदळणाऱ्या हॅमरला ढकलणाऱ्या स्प्रिंगचा) ताण कमी करत गेलो. वेग हवा तिथे आला, पण पूर्वी 4-5 मीटर प्रति सेकंदाच्या आत राहणारा, एका पेलेटपासून दुसऱ्या पेलेटच्या वेगातला फरक आता 15 पर्यंत गेला आहे. आणखी एक विचित्र गोष्ट अशी की सिलिंडरमधील दाब 130 बारच्या खाली उतरला की वेग कमी होण्याऐवजी काही काळ चक्क वाढतो. रेग्युलेटर बिघडला आहे असे समजावे काय? की कमी शक्तीवर एवढा फरक गृहीतच धरावा?

प्रतिसाद 1

रेग्युलेटर बिघडलेला नाही. तुम्ही ज्याला विचित्र म्हणता, तीच खूण दोष नेमका कुठे आहे ते सांगते.

व्हॉल्व्ह बंद ठेवण्याचे काम मुख्यतः प्लेनममधील (रेग्युलेटर आणि व्हॉल्व्ह यांमधल्या हवेच्या कप्प्यातील) दाब करतो आणि तो उघडण्यासाठी हॅमरला त्या दाबाविरुद्ध धडक द्यावी लागते. 130 बारच्या दाबाविरुद्ध सैल स्प्रिंगचा हॅमर आदळतो, तेव्हा त्याची बहुतेक ऊर्जा व्हॉल्व्ह जागेवरून हलवण्यातच खर्च होते आणि जी थोडीशी उरते तिच्यावर व्हॉल्व्ह किती उघडेल व किती वेळ उघडा राहील हे ठरते. दोन मोठ्या राशींच्या वजाबाकीतून उरलेली ही लहान राशी असल्यामुळे हॅमरच्या घर्षणात किंवा तो खटक्यावरून सुटण्यात केसभर फरक पडला, तरी उरलेल्या ऊर्जेच्या मानाने तो मोठा ठरतो. तुमचे 15 मीटर प्रति सेकंद तिथून येतात. दाब 130 च्या खाली गेला की व्हॉल्व्ह उघडणे सोपे होते, तो जास्त वेळ उघडा राहतो आणि वेग वाढतो. रायफल स्वतःच सांगत आहे की या हॅमरसाठी दाब जास्त आहे.

म्हणून शक्ती कमी करायची असेल, तर आधी रेग्युलेटर खाली आणावा आणि मग हॅमर त्याच्याशी जुळवावा. दाब किती असावा याचे पक्के सूत्र नाही, कारण प्लेनमचे आकारमान, पोर्टचा (व्हॉल्व्हकडून बॅरलकडे हवा नेणाऱ्या छिद्राचा) व्यास आणि बॅरलची लांबी या सर्वांचा त्यात वाटा असतो. तरी सुरुवातीच्या अंदाजापुरते असे धरा की हॅमर पुरेसा जोरदार असताना शक्ती ढोबळमानाने दाबाच्या प्रमाणात बदलते. 130 बारला 19 ज्यूल, तर 11 ज्यूलसाठी सुमारे 75 बार. थोडी मोकळीक ठेवून 80 पासून आरंभ करावा. रायफलवरच्या छोट्या गेजवर फार विसंबू नका, निर्णय क्रोनोग्राफच्या (वेग मोजणाऱ्या यंत्राच्या) आकड्यांवर घ्या.

आता हॅमर. नव्या दाबावर स्प्रिंग सैल ठेवून प्रारंभ करा आणि थोडी थोडी आवळत प्रत्येक टप्प्यावर काही पेलेट मोजा. वेग आधी झपाट्याने वाढेल, मग वाढ मंदावेल आणि एका ठिकाणी थांबेल. त्यानंतर कितीही आवळले तरी फक्त हवा आणि आवाज वाढतो. या पठारी वेगापासून साधारण 3 टक्के खाली येऊन थांबावे. तिथे एक सोय आपोआप होते: दाब किंचित वाढला तर हवा जोराने ढकलते खरी, पण व्हॉल्व्ह तेवढाच कमी उघडतो, आणि दोन्ही परिणाम एकमेकांना बरेचसे खोडून काढतात. 80 बारवर हा बिंदू 200 च्या वर पडला, तर स्प्रिंग सोडून वेग उतरवू नका; पुन्हा दाबच 3-4 बारने कमी करा. नाहीतर आज जिथे आहात तिथेच परत याल.

एक सूचना अत्यंत महत्त्वाची आहे. रेग्युलेटरचा स्क्रू खालच्या दिशेने फिरवला, तरी प्लेनममध्ये आधीच अडकलेली हवा कमी होत नाही. ती बाहेर गेल्याशिवाय नवा दाब दिसणार नाही. आणि एखादा भाग उघडावा लागणार असेल, तर आधी संपूर्ण रायफल उत्पादकाने सांगितलेल्या पद्धतीने रिकामी करावी. गेज शून्य दाखवत आहे एवढ्यावर विश्वास ठेवून कोणताही जोड सैल करू नये, कारण ते गेज बहुधा सिलिंडरचे असते, प्लेनमचे नव्हे.

प्रतिसाद 2

वरील विवेचन पटते, पण ट्रान्स्फर पोर्ट (तेच हवेचे छिद्र) लहान करण्याचा पर्याय त्यात राहून गेला आहे. काही रेग्युलेटर खालच्या दाबाला नीट चालत नाहीत. त्यांतील वॉशरची रचना उच्च दाबासाठी केलेली असते आणि 80-90 बारवर आणल्यास ते दर वेळी थोड्या वेगळ्या दाबाला बंद होतात. अशा रायफलमध्ये दाब 100 च्या आसपास ठेवून पोर्ट लहान करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. व्हॉल्व्ह व्यवस्थित उघडतो, हॅमरच्या बारीकसारीक चढउतारांचा परिणाम कमी होतो आणि प्रवाहाला आवर घालण्याचे काम ते अरुंद छिद्र करते. बाहेरून फिरवता येणारा शक्तीनियंत्रक ज्या रायफलींना असतो, त्यांपैकी अनेकांत तो याच मार्गात अडथळा आणणारा स्क्रू असतो, त्यामुळे पुन्हा पूर्ण शक्तीवर जाणेही सोपे. मात्र हवेची बचत दाब कमी करण्याइतकी होत नाही, हे मान्य करावे लागेल.

प्रतिसाद 3

दोन्ही मार्ग योग्य आहेत. मी फक्त मोजणीबद्दल लिहितो, कारण चुकीच्या मोजणीवरून स्क्रू फिरवत बसण्यात पुष्कळांचा वेळ जातो.

सर्वांत जास्त व सर्वांत कमी वेगातील फरक पेलेटच्या संख्येबरोबर वाढत जातो. 5 पेलेटमधला 4 चा फरक आणि 20 पेलेटमधला 4 चा फरक यांची तुलना होऊ शकत नाही. तुलना करायची तर दर वेळी संख्या सारखी ठेवा, किंवा प्रमाण विचलन पाहा. पेलेटचे वजनही तपासा, पण त्याला नको तेवढा दोष देऊ नका: शक्ती तीच राहिली तर वजनातील 1 टक्का फरकाने वेगात सुमारे अर्धा टक्का, म्हणजे 200 वर 1 मीटर प्रति सेकंद, एवढाच फरक पडतो. एकाच डब्यात 10 मिलिग्रॅमचा फरक निघाला, तरी त्याने 2 च्या आसपासच भर पडेल. 15 चे कारण तिथे सापडणार नाही. बॅरल नुकतीच साफ केली असेल, तर पहिले काही पेलेट हिशेबात धरू नका.

शिवाय आपल्या अंतराला हा फरक किती नडतो, तेही पाहावे. 200 च्या वेगाने 20 मीटर गाठायला पेलेटला दशांश सेकंदाहून किंचित जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात तो सुमारे 5 सेंटिमीटर खाली येतो. 15 चा फरक म्हणजे उभ्या दिशेने 7-8 मिलिमीटर. 3 चा फरक म्हणजे जेमतेम दीड. 10 मीटरवर हे आकडे चौथाईवर येतात. त्यामुळे 4 च्या आत आलात की रायफलला हात लावणे थांबवा आणि नेमबाजीकडे वळा, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. दाब 80 च्या जवळ आणून हॅमर सांगितल्याप्रमाणे जुळवला. वेग 198 ते 202 च्या दरम्यान राहतो आणि सिलिंडर रेग्युलेटरच्या दाबाखाली उतरला की आता वेग सरळ कमी होतो. एक शंका उरली आहे: रायफल अर्धा तास ठेवून पुन्हा उचलली की पहिला पेलेट 207-208 ने जातो, दुसऱ्यापासून सर्व ठीक.

प्रतिसाद 1

हा रेग्युलेटरचा दाब हळूहळू वर सरकण्याचा प्रकार आहे. बंद झाल्यावरही त्याच्या सीटमधून (हवा अडवणाऱ्या बैठकीतून) हवा झिरपते आणि प्लेनममधील दाब ठरलेल्यापेक्षा वाढतो. खात्री करायची असेल, तर एकदा दोन पेलेटमध्ये अर्धा मिनिट, एकदा पाच मिनिटे आणि एकदा अर्धा तास असे अंतर ठेवून मोजा. थांबण्याच्या वेळेबरोबर पहिला वेग वाढत गेला, तर शंका उरत नाही. प्लेनमला स्वतंत्र गेज असेल, तर काटा सरकताना प्रत्यक्ष दिसेल.

तुमचा पहिला पेलेट वेगवान निघतो याचा अर्थ तुम्ही पठाराला अगदी चिकटून आहात. स्प्रिंग किंचित सोडली आणि वेग 2-3 ने खाली घेतला, तर हा परिणाम सौम्य होईल. (उलट पहिला पेलेट मंद निघाला असता, तर हॅमर कमी पडत आहे किंवा एखादा सील चिकटतो आहे असे मी म्हटले असते.) मूळ कारण मात्र बहुधा सीटवरील कण किंवा सीटवर उमटलेला ओरखडा हेच असते. नवी सीट असेल, तर काही दिवस दाबाखाली बसू द्यावी, अनेकदा ती स्वतःच जमते. तसे न झाल्यास रायफल पूर्ण रिकामी करून रेग्युलेटर साफ करावा, ओ-रिंगना सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्यावा आणि उच्च दाबाच्या भागात खनिज तेल कदापि वापरू नये. दाबलेल्या हवेत ते पेट घेऊ शकते. तोपर्यंत सरावाला बसताना पहिला पेलेट लक्ष्याबाहेरच्या कोऱ्या कागदावर सोडा.