फरसाणाचा डबा माळ्यावर

चहासोबतचं तेलकट खाणं कमी करायचं म्हणून 'फरसाण घरात आणूच नका' असा सल्ला दिला जातो, पण चार माणसांच्या घरात तो आठवडाभरही टिकत नाही. पाहुणे येतात, मुलं मागतात. आणा, पण अर्धा किलोऐवजी 100 ग्रॅम. उरलेलं घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, स्टूल घेतल्याशिवाय हात पोचणार नाही अशा जागी. काचेच्या बरणीत ठेवलंत तर येताजाता मूठभर तोंडात जाणारच. (दिवाळीचे चार दिवस सोडा.)

ती बरणी फुटाण्यांना द्या, चहाच्या डब्याशेजारी. शेंगदाणे नकोत: 100 ग्रॅमला साडेपाचशेच्या वर कॅलरी, आणि हात थांबत नाही. बरणीतच एक छोटी वाटी ठेवा, म्हणजे मोजून घेतलं जातं.

फरसाणाऐवजी मोडाचे मूग खायचा उत्साह तिसऱ्या दिवशी संपतो, कारण भिजवायचंच राहून जातं. रात्री दुधाला विरजण लावता ना, तेव्हाच वाटीभर मूग भिजत घाला. सकाळी पाणी पूर्ण निथळून ओलसर फडक्यात बांधा. पाणी राहिलं की मूग बुळबुळीत होतात, वास मारतात. उन्हाळ्यात संध्याकाळच्या चहापर्यंत बारीक मोड दिसतात. थंडीत दुसरी सकाळ उजाडते, म्हणून तेव्हा मूग एक दिवस आधीच भिजत घाला.