मिखाएल रोटरचं नाव राहून गेलं

जर्मन गिटारवादकांची चर्चा स्कॉर्पियन्स या रॉक बँडच्या वेगवान सोलोंवरच थांबली, म्हणून हे नाव जोडतोय. मिखाएल रोटर, जन्म १९५०, हाम्बुर्ग. लहानपणीची काही वर्षं कराचीत गेली; तिथे कानावर पडलेल्या, न संपणाऱ्या संगीताची मोहिनी त्याने पुढे मुलाखतींत सांगितली आहे. क्राफ्टवेर्क या बँडमध्ये थोडाच काळ वाजवून १९७१मध्ये ड्रमर क्लाउस डिंगरबरोबर त्याने 'नॉय!' हा बँड सुरू केला. पहिल्या अल्बममधलं 'हालोगालो' तब्बल दहा मिनिटं जवळपास एकाच कॉर्डवर चालतं. ब्लूजची उसनी वळणं नाहीत, बोटांची कसरत नाही. एकावर एक चढवलेले लांब स्वर, आणि खाली डिंगरचा अखंड ठेका. तानपुऱ्याला सरावलेल्या कानांना हे पटकन भिडेल. सुरुवात मात्र रोटरच्या १९७७च्या 'फ्लामेंडे हेर्त्सेन' या सोलो अल्बमपासून करा, ड्रम्सवर 'कॅन' या जर्मन बँडचा याकी लीबेत्साइट आहे.