अठराव्या वर्षी नकोसा वाटणारा आवाज आता का हवासा वाटतो?

कृष्णाकाठ :
मंडळी, वय ५१. मूळ मिरजेचा, नोकरी भोसरीत. महिनाभर एक गोष्ट डोक्यात घोळतेय, म्हणून विचारतो.

आमचे दादा, म्हणजे वडील, किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांचे भक्त. खाँसाहेब गेले १९३७ ला, दादांचा जन्म त्यानंतरचा. म्हणजे त्यांनी ऐकलं ते सगळं तबकड्यांवरून भरलेल्या कॅसेटवर. रात्री जेवणं झाली की टेप लागायचा. मला तो आवाज सहन व्हायचा नाही. बारीक, उंच, नाकातून आल्यासारखा, त्यात तबकडीची खरखर. दादा म्हणायचे, "आवाज नको ऐकू, सूर ऐक." १९९२ ला मी अठरा वर्षांचा, रहमान नुकताच आलेला, मला ठोका हवा होता. उरुसात मिरासाहेबांच्या दर्ग्यात खाँसाहेबांच्या स्मृतीची संगीतसभा असते, तिथं दादा हाताला धरून न्यायचे आणि मी सतरंजीवर झोपून जायचो.

एकदा मी त्या आवाजाची नक्कल करून भावंडांना हसवलं. दादांनी ऐकलं. रागावले नाहीत. टेप बंद केला आणि गॅलरीत जाऊन बसले. त्या रात्री परत लावला नाही.

दादांना जाऊन तीन वर्षं झाली. गेल्या महिन्यात सेकंड शिफ्ट सुटून कंपनीच्या बसमध्ये बसलो होतो, मोबाइलवर आपोआप खाँसाहेबांची झिंझोटी रागातली ठुमरी लागली. जेमतेम तीन मिनिटांची. घर येईपर्यंत तीच आठ-नऊ वेळा ऐकली. शब्द कुठल्या कुठं राहतात, स्वर नुसता धरून ठेवलेला असतो, आणि आपणही श्वास धरून बसतो.

हे वयानं झालं, दादा गेल्यामुळं झालं, की तो आवाज तेव्हाच आत जाऊन बसला होता? दुसरं म्हणजे, माझी सोळा वर्षांची मुलगी दिवसभर कोरियन गाणी ऐकते. तिला जवळ बसवून हे ऐकवावं का?

जवारी :
कृष्णाकाठ, मी गाणं शिकवते, त्यातलं सांगते. तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुती दोरा असतो. तो केसभर सरकवला की बद्द वाजणारी तार एकदम बोलायला लागते, यालाच जवारी लागणं म्हणतात. नवीन आलेल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलाला यातला फरक कळत नाही. तोच मुलगा वर्ष-दोन वर्षं तानपुऱ्याजवळ बसला की एक दिवस आपण होऊन म्हणतो, "बाई, आज जवारी नीट लागली नाही." हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. सतरंजीवर झोपलात तरी तुमच्या कानावर पडत होतंच. किराणा घराण्याचं गाणं स्वराच्या लगावावर, म्हणजे स्वर कसा लावला यावर, उभं आहे. अठराव्या वर्षी तुम्ही ठोका शोधत होतात, तो तिथं कसा सापडणार?

तुम्ही मिरजेचे, तंतुवाद्यांच्या गावचे. कधी गेलात तर तिथल्या एखाद्या कारागिराला जवारी काढताना जरूर बघा. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मला घरचं कार्य असल्यासारखा आनंद झाला होता.

कानतपासणी :
मी ऑडिओलॉजिस्ट. वय वाढतं तशी अगदी उंच पट्टीतले आवाज ऐकण्याची ताकद कमी होते. त्या काळच्या तबकड्यांत फार वरच्या कंपनसंख्या मुळात उतरतच नसत, त्यामुळं त्यातलं तुमचं फारसं काही हरवत नाही. आजच्या गाण्यातली झांजांची बारीक किणकिण मात्र विरत जाते. पण तुमच्या प्रश्नाचं हे पूर्ण उत्तर नाही, ओढ कानाच्या तपासणीत दिसत नाही. आणखी एक, मनापासून सांगतो : शॉपफ्लोअरवर काम असेल तर ऑडिओग्राम करून घ्या. सततच्या गोंगाटानं ऐकण्यात ४००० हर्ट्झच्या आसपास पहिला खड्डा पडतो आणि बरीच वर्षं माणसाला पत्ताही लागत नाही.

कराडची माई :
वय झालं की माणूस शास्त्रीयकडे वळतो, हे मला पटत नाही. मी उलट्या वाटेनं गेले. आमच्या घरी कीर्तन, वडिलांची शिस्त कडक, सिनेमाचं गाणं गुणगुणलं तरी ओरडा बसे. रोज पेटीशेजारी बसवत. त्यापायी पुढं चाळीस वर्षं मला पेटीचा सूर नकोसा झाला होता. म्हणजे कानावर पडलेलं रुजतंच असंही नाही, जवारीताई. पंचावन्नाव्या वर्षी स्वतःचा मोबाइल आला आणि मी आर. डी. बर्मन ऐकायला लागले. आता ६३ आहे. भाकऱ्या थापताना ऐकते, ताल धरत थापते. दहा ते तीस या वयातल्या आठवणी सगळ्यांत गडद असतात, असं मानसशास्त्रवाले सांगतात. माझं त्या वयातलं ऐकणंच राहून गेलं होतं, ते आता भरून काढतेय.

पोरीला बसवू नका, भाऊ. एवढं ऐका माझं.

कृष्णाकाठ :
सगळ्यांचे आभार. शनिवारी कान तपासायला जातोय.

माई, बसवलं नाही. काल रात्री तिलाच म्हटलं, तुझं एखादं ऐकव. इअरफोनचं एक टोक तिच्या कानात, एक माझ्या. शब्द काही कळले नाहीत. मध्येच सगळी वाद्यं थांबतात आणि एकच मुलगी गाते, तिथं माझी मान आपसूक हलली. ते तिला सांगितलं तर माझं मनगट धरून म्हणाली, "ते नाही हो बाबा, आता ठोका येतो तो ऐका."