पॉइंटर एकच, हमाली दोन फाइलींत दोन?

हळदवाला, सांगली
काकांच्या मार्केट यार्डातल्या अडतीसाठी सी भाषेत पट्टीचा (शेतकऱ्याच्या हिशोबाच्या बिलाचा) प्रोग्रॅम करतोय. लिनक्स, कंपाइलर जीसीसी, बदललेल्या फाइली पुन्हा कंपाइल करायला मेक. मेन, वजन, कपात, पट्टी अशा ४ फाइली, आणि त्या सगळ्यांत लागणाऱ्या सौदा.एच या हेडर फाइलीत सौद्याचं स्ट्रक्चर: पोती, वजन, दर, हमाली, सगळे इंट, रकमा पैशांत. काल दर आणि हमालीच्या मध्ये तोलाईचा रकाना घुसवला. मेन आणि कपातमध्ये त्याचा हिशोब घातलाय, पट्टीवर छापायचं बाकी आहे.

चाचणीला ४० पोती धरली. जीडीबी डीबगरमध्ये कपात.सी मध्ये थांबलो तर हमाली ३२०००, बरोबर. तोच पॉइंटर (सौद्याचा मेमरीतला पत्ता) पट्टी.सी मध्ये गेला की ८०००! मध्ये कुणी हात लावत नाही. हमालीवर वॉच (किंमत बदलली की प्रोग्रॅम थांबवणारा) लावून बघितला, एकदाही थांबला नाही. मागं दराचा रकाना वाढवला तेव्हाही असंच झालतं. तेव्हा पट्टी.सी मध्ये एक प्रिंटएफ टाकला आणि आपोआप बरं झालं. काका म्हणतात, वहीच बरी.

कोडकरी
स्ट्रक्चर मेमसेटनं शून्य करून घेता का?

हळदवाला, सांगली
हो, मेनमध्ये पहिल्याच ओळीला.

मिरजेचा
तोलाई किती आली?

हळदवाला, सांगली
८०००. आयला!

मिरजेचा
तुमची पट्टी.ओ, म्हणजे पट्टी.सी ची कंपाइल झालेली फाइल, जुनी आहे. तिच्या लेखी हमाली १२ व्या बाइटवर, आणि तिथं आता तोलाई बसलीय. .ओ फाइली जोडणारा लिंकर नुसती नावं जुळवतो, स्ट्रक्चर आतून बदललं ते त्याला दिसत नाही. प्रिंटएफनं काही बरं केलं नाही, फाइल बदलली म्हणून मेकनं ती पुन्हा कंपाइल केली, एवढंच. मेन.सी बदलली हे नशीब. नाहीतर तिनं १६ बाइटांचीच जागा दिली असती आणि कपातनं शेजारच्या घरात हमाली लिहिली असती. मग शोधत बसला असता आठवडाभर.

खात्री करायची तर कपात आणि पट्टी दोन्हींत थांबून जीडीबीत पीटाईप मारा, स्ट्रक्चरचे रकाने दिसतील. मेकफाइलीत .ओ पुढं फक्त .सी लिहिलंय ना? म्हणून हेडर बदलली तरी मेकला कळत नाही. कंपाइलच्या ओळीत -एमएमडी घाला, म्हणजे जीसीसी प्रत्येक फाइलीमागं कुठली हेडर लागली ते .डी फाइलीत लिहून ठेवतो. मेकफाइलीच्या शेवटी त्या .डी फाइली इन्क्लूड करा. आधी एकदा सगळ्या .ओ उडवा.

हळदवाला, सांगली
पीटाईपला कपातमध्ये ५ रकाने, पट्टीत ४. आता पट्टीवर हमाली ३२० रुपये. काकांनी तरी कॅल्क्युलेटरवर ताळा करून बघितलाच.