१ नोव्हेंबर नुसता १९५६ चा नाही

बेळगावच्या इतिहासात १ नोव्हेंबरसमोर बऱ्याचदा फक्त १९५६ लिहिलेलं असतं, त्यात थोडी भर घालतो. १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातून काढून म्हैसूर राज्यात घातलं, त्याच म्हैसूरचं १९७३ ला कर्नाटक झालं तेही १ नोव्हेंबरलाच, आणि २०१४ ला बेळगावचं सरकारी नाव बेळगावी केलं तीपण हीच तारीख! त्यामुळे त्या दिवशी एकाच गावात दोन गावं असतात, चन्नम्मा सर्कलला कन्नडचे लाल-पिवळे झेंडे नि राज्योत्सवाची (कर्नाटकच्या स्थापना दिनाची) मिरवणूक, आणि इकडे मराठी माणसं काळ्या फिती लावून संभाजी उद्यानातून काळ्या दिनाच्या (बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधाच्या) सायकल फेरीला. लहानपणी मला त्यातलं एवढंच कळायचं की आज भर रस्त्यात सायकल चालवली तरी घरचे ओरडत नाहीत :)